पक्क्या शिलाईचं जेवण

कॉलर: मनुका

कॉलरमध्ये मनुका होत्या, बाह्यांत केळी, खांद्यांवर उकडलेली अंडी, पाठभर ब्रेडचे तुकडे, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी बटण होता.

बटण म्हणजे शिंपिणीचा मुलगा. त्याला दोन वर्षं नुकतीच पुरी झाली होती आणि तिथेच सगळी गोची होती. करमणुकीच्या पार्कमध्ये बाहेरचं खाणं न्यायला बंदी, सूट फक्त दोन वर्षांखालच्यांना. आत वाटीभर सुपाला चौघांच्या परतीच्या गाडीभाड्याएवढे पैसे पडतात, ही बातमी शिंपिणीच्या नणंदेनं आणली होती. कोटाची युक्तीही तिचीच. "वहिनी, खिसे तपासतात. अस्तर कोण तपासतंय?"

दारावरच्या रखवालदारानं बटणाकडे पाहिलं. केळ्यांमुळे कोपर वाकत नव्हतं, त्यामुळे पोरगं दोन्ही हात पुढे धरून, झोपेत चालल्यासारखं येत होतं.

"एवढ्या उन्हात कोट?"

"थंडी वाजते त्याला," नणंद म्हणाली. "आमच्या घराण्यातच आहे ते."

हे ऐकून शिंपिणीचा नवरा इमानेइतबारे कुडकुडायला लागला.

रखवालदाराला कीव आली. त्यानं नवऱ्याला हाताला धरून उन्हात उभं केलं. मग शिंपिणीच्या पर्समधली कात्री तेवढी काढून घेतली, धारदार वस्तू आत चालत नाहीत म्हणून, आणि सांगितलं, "जाताना न्या. आणि लक्षात ठेवा, एकदा बाहेर पडलात की आत यायला

उजवी बाही: केळं

पुन्हा तिकीट!"

तर ते आत आले. आकाशपाळण्यात बसले. भुताच्या गुहेत नणंदेनं भुतालाच दम दिला. दुपार चढली आणि बटण म्हणाला, "मम्मम."

"काढ गं," नवरा म्हणाला.

शिंपिणीनं कोट काढला, मांडीवर उलटा घेतला, अस्तराच्या कडेला दोरा शोधायला गेली आणि तिचा चेहरा पडला. ठरलं असं होतं की कच्चे टाके घालायचे, एक दोरा ओढला की बाही उघडेल. पण कच्चं काम दुकानाबाहेर पाठवायचं नाही ही सवय तिच्यापेक्षा तिच्या हातांना जास्त होती. डोकं कच्च्या टाक्यांचा विचार करत असताना हातांनी कोट मशीनखाली सरकवला होता. दुहेरी शिलाई. नायलॉनचा दोरा. वरून तुरपाई, ती दिसणारही नाही अशी.

"मी पक्कं शिवलं," ती म्हणाली.

"किती पक्कं?"

तिनं कोट त्याच्यापुढे

डावी बाही: केळं

धरला.

नवऱ्याचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यानं घराची किल्ली शिवणीत घुसवली आणि पिळली. किल्ली वाकली.

"आख्ख्या पेठेची कुलपं उघडतोस दादा," नणंद म्हणाली, "आणि एक बाही उघडेना?"

"कुलपाला भोक असतं! हिनं भोकच ठेवलं नाही!"

मग एक बाही नवऱ्यानं धरली, दुसरी नणंदेनं, आणि दोघं विरुद्ध दिशांना ओढायला लागले. पाळण्याच्या रांगेतल्या लोकांना वाटलं हा पार्कमधलाच एखादा खेळ आहे. चार माणसं या बाजूला लागली, पाच त्या बाजूला. कोटाचा एक टाका हलला नाही. शिंपिणीला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि तरी, आत कुठेतरी, तिची मान इंचभर ताठ झाली होती.

बटणानं भोकाड पसरलं. समोर त्याचं जेवण दोरखंडासारखं ताणलं जात होतं आणि त्याला त्यातला घास मिळत नव्हता. त्यानं दातांनी कोपर चावलं, कोटाचं. मग रडणं थांबवून तो एकदम गप्प बसला, आणि हे गप्प बसणं शिंपिणीला रडण्याहून वाईट वाटलं.

"सूप घेऊ या," नवरा हळूच म्हणाला. "घरी चालत जाऊ."

"दोन दिवस लागतील!" नणंद ओरडली.

तेवढ्यात समोरून माणसाएवढा ससा गेला. त्याचा एक कान डोक्यावर होता. दुसरा त्यानं हातात धरला होता.

"अहो ससे," शिंपीण उठलीच, "कान कुठे

खांदे: अंडी

शिवून मिळतो?"

पार्कच्या पोटात, भिंतीमागे, शिवणखोली होती. हुकांना अस्वलांची कातडी लटकत होती. टेबलाशी मास्तर बसले होते, गळ्यात टेप, दातांत दोन टाचण्या, पुढ्यात लखलखीत मोठी कात्री.

"मास्तर, एवढी शिवण उसवून द्या. पोर उपाशी आहे."

मास्तरांनी कोट उजेडात धरला. टाचण्या तोंडातून काढल्या. चष्मा चढवला.

"कुणी शिवलाय?"

"मी."

"ही शिवण मी उसवणार नाही."

"अहो, आत अंडी आहेत!"

"असू देत. बाई, मी अस्वलं शिवण्यात केस पिकवले. असं काम माझ्या हातून झालं नाही. पोरांनो, इकडे या रे!"

मागच्या दारातून दोन अस्वलं, एक बदक आणि तो ससा आले. सगळ्यांनी डोकी काढून काखेत धरली आणि वाकून बघायला लागले.

"टाका बघा. मोजून घ्या. कुठे कमीजास्त आहे? वळणावर कापड खेचलंय? अंड्याच्या गोलाईवरून शिवण गेलीय आणि एक सुरकुती नाही!"

"वा," बदक म्हणालं.

शिंपीण तिथेच उभी राहिली. गिऱ्हाइकं तिला इतकी वर्षं दोनच गोष्टी सांगत आली होती, घट्ट झालं आणि सैल झालं. वळणावर कापड खेचलेलं नाही हे कुणी पाहिलंच नव्हतं. मास्तर बोलत होते आणि तिला वाटत होतं, आणखी थोडं बोलावं. तुरपाईबद्दल बोलले नाहीत अजून. काजांबद्दलही नाही.

"वहिनी," नणंद म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

बटण तिच्या कडेवर होता. त्यानं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं होतं आणि तो रडतही

पाठ: ब्रेड

नव्हता.

"काचेच्या पेटीत लावू आपण," मास्तर सांगत होते. "नवीन पोरांना दाखवायला. हवं तर उसवायचं बघू, पण हळू, एकेक टाका, संध्याकाळपर्यंत..."

शिंपिणीनं कात्री उचलली. शिवण शोधली नाही. बाहीच्या बरोबर मधोमध, धडधाकट कापडात, आडवी चालवली.

मास्तर किंचाळले. एका अस्वलानं त्यांना धरलं.

केळं काळं पडलं होतं, ओढाओढीत त्याचा लगदा झाला होता. ती जमिनीवर बसली, बटणाला मांडीत घेतलं आणि तो लगदा बोटानं त्याच्या तोंडात घातला. त्यानं गिळला. पुन्हा तोंड उघडलं. तिनं खांदा कापला, अंडं काढलं, फोडून भरवलं. कॉलर कापली. मनुका फरशीवर सांडल्या, त्या सशानं गुडघ्यांवर बसून वेचून दिल्या.

"अहो निदान पाठ तरी ठेवा," मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले.

बटणानं तोंडातलं संपवलं. मास्तरांकडे पाहिलं, मग कोटाकडे. चिकट बोट दुसऱ्या, अजून अखंड असलेल्या बाहीवर ठेवलं.

"आता हा," तो म्हणाला.