खिंडीतले लालासाहेब

"आक्का, तुम्ही पुढं जाऊ नका, थांबा, मी येते," असं म्हणून शिवांजली मोठ्यानं हसली आणि माझे कणकेतले हात थांबले.

त्या हसण्याचंच नवल वाटलं, हे आधी सांगते. सहावीपर्यंत ती लोणंदला, माझ्या माहेरी शिकली. जूनमध्ये आम्ही सांगलीत, विश्रामबागेत राहायला आलो. नव्या शाळेत पाच महिन्यांत तिला एक मैत्रीण झाली नव्हती. डबा ती एकटी खाते हे तिनं मला सांगितलेलं नाही. मीच एकदा मधल्या सुट्टीत गेटच्या जाळीतून पाहिलं. घरी आली की दप्तर ठेवायचं आणि गप्प बसायचं. तीच मुलगी आता हेडफोन लावून कुणाला तरी आक्का म्हणत होती, तेही हसून.

"कोण गं ही आक्का?"

"आमच्या गिल्डची लीडर. गिल्ड म्हणजे टोळी."

"नाव काय तिचं?"

"आक्का."

"अगं, खरं नाव."

"माहीत नाही."

"कुठली आहे?"

"माहीत नाही, मम्मी. तिथं विचारत नाहीत."

विचारत नाहीत! आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं सासर, माहेर आणि मुलं किती हे पुढचा थांबा यायच्या आत कळलेलं असतं. माझे वडील तर तीन प्रश्नांत पाहुणा काढतात. गाव कुठलं, आडनाव काय, मामाचं गाव कुठलं. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस कुणाच्या तरी साडूचा मेहुणा निघतोच. आणि माझी मुलगी रोज तासभर ज्या बाईबरोबर असते, तिचं गाव माहीत नाही. बाईच आहे कशावरून, हेही माहीत नाही.

गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. शिवांजली त्याला नुसतं 'खंड' म्हणते. एकाच वेळी हजारो माणसं त्या खंडात फिरत असतात. डोंगर आहेत, नद्या आहेत, बाजारपेठा आहेत. कुणी तिरंदाज, कुणी वैद्य, कुणी लोहार. लुडो संपतो, क्रिकेट संपतं, हे संपत नाही. आपण मोबाईल बंद करून जेवायला बसलो तरी तिथला बाजार भरलेलाच असतो. मला धास्ती वाटली ती याचीच. जिथं सारखी अनोळखी माणसं येत-जात असतात अशा स्टँडवर मी तिला पाच मिनिटं एकटी सोडत नाही.

रविवारी ह्यांचा फोन आला. हे, म्हणजे वीरधवल, सैन्यात आहेत, सध्या आसाममध्ये. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू तिथं आहेस, तुला दिसतंय. बघ आणि ठरव. बंद कर म्हणालीस तर मी तिला सांगतो, माझं ऐकेल ती. पुढच्या रविवारी सांग."

बघ म्हणाले म्हणून मी बघायचं ठरवलं.

सोमवारी शिवांजली शाळेत गेल्यावर माझ्या मोबाईलवर गेम घेतला. मी बी.एस्सी. झालेय, पण त्या पहिल्या अर्ध्या तासात ते काही उपयोगी पडलं नाही. आधी माणूस तयार करायचा होता. चेहरे बघता बघता कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि पांढऱ्या दाढीचा एक धिप्पाड म्हातारा कायमचा माझा झाला. मग नाव. जे टाकेन ते आधीच कुणीतरी घेतलेलं. शेवटी वैतागून शिराळ्याच्या मामांचं टाकलं, लालासाहेब. ते मात्र जगात कुणी घेतलेलं नव्हतं.

लालासाहेबांना त्या दुपारी रानडुकरांनी चार वेळा मारलं. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, शेजारी लसूण सोलत होत्या.

"काय करतीयास गं?"

"शिवांजली काय खेळते ते बघतेय, आत्या."

"मग ती यील तवा तिच्यासंगं बस की. चोरून कशाला बघायचं?"

मी मोबाईल जरा तिरका धरला.

मंगळवारी आक्काच्या नावावरून शोधून तिची गिल्ड सापडली. नाव 'कोरडवाहू'. नवीन माणसाला घ्यायच्या आधी त्याला बर्फाच्या खिंडीतून पलीकडं चालवत नेतात. संध्याकाळी सहाला शिवांजली हॉलमध्ये हेडफोन लावून बसली आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून उभी राहिले. मध्ये एक भिंत. माझा आवाज ओळखला जाऊ नये म्हणून मी मोबाईलचा आवाज बंद ठेवून नुसतं लिहून बोलत होते.

आठ-नऊ जण होते. शिवांजली म्हणजे 'चिमणी', खांद्यावर धनुष्य घेतलेली. सगळ्यांच्या मागं काळं घोंगडं पांघरलेली एक बाई चालत होती. ती आक्का. मी वाट चुकले, कड्याजवळ अडकले, तरी कुणी पुढं गेलं नाही. आक्कानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "लालासाहेब, सावकाश. जो हळू त्याच्या चालीनं सगळे." खरं तर ते वाचून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, एवढा चांगुलपणा कशासाठी?

त्या दिवशी खिंड पार झाली नाही, म्हणून बुधवारी पुन्हा तीच. अर्ध्या वाटेवर शेकोटी पेटवून सगळे बसले. इकडं माझ्या गॅसवर तवा तापत होता. मी आक्काला लिहिलं, "गाव कुठलं तुमचं?"

उत्तर नाही.

दुसऱ्या एकाला विचारलं. त्यानं हसरा चेहरा पाठवला. भाकरी उलटली आणि मग मी ते केलं. शिवांजली काय उत्तर देते ते मला बघायचं होतं. बघितल्याशिवाय ठरवणार कसं? मी चिमणीला लिहिलं, "बाळ, तू कितवीत? शाळा कुठली? घरी कोण कोण असतं? वडील घरी असतात का?"

  मग भिंतीपलीकडून शिवांजलीचा आवाज आला, अगदी हळू.

"आक्का, हा लालासाहेब मला घरचं विचारतोय."

दोनेक मिनिटांत माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली. "लालासाहेब, आमच्यात गाव विचारत नाहीत. पोरीबाळींना तर नाहीच. तुमी आता जावा." आणि सगळ्यांची नावं एकदम दिसेनाशी झाली. मला त्यांच्या सोबतीतून काढलं होतं. शेकोटीपाशी एकटे लालासाहेब बसलेले, वर बर्फ पडतोय.

"भाकर करपली की गं!" आत्या ओरडल्या.

माझ्या मनात पहिलं काय आलं तर अभिमान. शाब्बास, सांगितलं नाही, मोठ्या माणसाला सांगितलं. शिकवलं होतं तस्संच केलं. मी गॅस बंद करतेय तोवर शिवांजली दारात आली. तिचा चेहरा बघून माझा अभिमान उतरला.

"मम्मी, एक माणूस होता. दाढीवाला. पप्पा घरी असतात का असं विचारत होता."

"मग?"

"आक्कानं काढला. पण तो दुसऱ्या नावानं परत आला तर? त्याला कसं कळलं मी लहान आहे?" तिनं माझा हात धरला.  "मी आता नाही खेळणार."

मी तिला जवळ घेतलं. 

गुरुवारी ती खेळली नाही. शुक्रवारी तिनं गेम उघडला नाही, शिवाय पुढच्या दाराची कडी दोनदा बघून आली. बोलणं पुन्हा हं, नाही, माहीत नाही यावर आलं. जे मला हवं होतं ते मी न मागता झालं होतं. रविवारी ह्यांना सांगायचं, तिनं स्वतःच सोडलं. कुणाला काही कळणार नव्हतं. लालासाहेब मोबाईलमधून काढून टाकायला दोन सेकंद लागले असते. आणि माझी मुलगी पुढं कितीतरी वर्षं एका दाढीवाल्याला घाबरत राहिली असती, जो कुठंच नव्हता.

"परत गप झाली पोरगी," आत्या म्हणाल्या. "तू काय बोललीस व्हय तिला?"

"बोलायचंय अजून," मी म्हणाले.

शनिवारी तिची शाळा सकाळची. जेवण झाल्यावर मी तिच्यासमोर माझा मोबाईल ठेवला. लालासाहेब अजून त्या खिंडीतच होते. पुढं जायची वाट मला माहीत नव्हती.

तिनं पडदा पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मग परत पडदा.

"हा तुझ्याकडं कसा?"

"तो मीच आहे."

"तू?" तिनं मोबाईल उलटा करून ठेवला. "पप्पा घरी नसतात ते तुला माहीत आहे की."

"तू काय सांगतेस ते बघायचं होतं मला."

"आणि मी सांगितलं असतं तर?"

"तर गेम बंद केला असता."

"म्हणजे तू माझी परीक्षा घेत होतीस. भिंतीमागून." तिचे डोळे भरले, पण आवाज रडका नव्हता, रागाचा होता. "मला दोन दिवस झोप लागली नाही, मम्मी. तू शेजारी होतीस."

"चुकलं माझं," मी म्हणाले. याच्यापुढं काही जोडायचं नाही असं ठरवून आले होते, पण तोंडून गेलंच, "मला काळजी वाटत होती गं."

"तुला सारखीच वाटते."

ती उठून आत गेली. आत्या कॉटवर पडून सगळं ऐकत होत्या. त्या कूस बदलून भिंतीकडं वळल्या. एवढीच त्यांची दया.

पाच वाजता शिवांजली बाहेर आली. "आक्कानं सगळ्यांना सांगून ठेवलंय, लालासाहेब दिसला तर लांब राहा. दुसऱ्या टोळ्यांनासुद्धा. तू स्वतः सांगायचं तिला."

तिनं तिच्या मोबाईलचा स्पीकर लावला आणि माझ्यापुढं धरला. त्या दिवशी पहिल्यांदा मी आक्काचा आवाज ऐकला. पन्नाशीच्या पुढची बाई असावी, आवाज उन्हातान्हात राहिलेला. मागून मेंढरांचा कालवा येत होता आणि मधूनच एखादी घंटा.

मी सांगितलं. मी चिमणीची आई, लालासाहेब मी, असं असं झालं, माफ करा.

 मग आक्का हसायला लागली. "आवं बाई! दाडी कशाला लावली मग?"

शिवांजलीच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही.

"चुकून लागली," मी म्हणाले.

"आई हाय म्हणून पयल्याच दिशी सांगायचं की. पोरगी भेदरली ना तुमची. मला बी घोर लागला, दोन दिस आली न्हाई ती." मग आवाज जरा खाली आला. "आमी गाव का इचारत न्हाई, सांगू? गाव इचारलं की मानूस आडनावावर येतंय. आडनावावरनं म्होरं कुटं जातंय ते तुमाला बी म्हाईत हाय. मग कुनी कुनाच्या म्होरं चालायचं ते ठरतंय. हितं जो हळू, त्याच्या चालीनं सगळी. बास."

मला माझ्या वडिलांचे तीन प्रश्न आठवले. किती मायेनं विचारतात ते. पण उत्तर ऐकल्यावर एखाद्याला आणखी एक कप चहा मिळतो आणि एखाद्याला मिळत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तिसरा प्रश्न नेमका कशासाठी असतो हा विचार मात्र कधी केला नव्हता.

"तरी बी," आक्का म्हणाली, "तुमी आई हाय. तुमच्या जिवाला बरं वाटत आसंल तर माजं गाव सांगते मी. सांगू का?"

शिवांजली माझ्याकडं बघत होती.

मला जाणून घ्यायचं होतं. खोटं कशाला बोलू? मेंढरांवरून, त्या बोलण्यावरून मन आधीच निघालं होतं. जत असेल, आटपाडी असेल, नाहीतर तिकडं कवठेमहांकाळच्या बाजूला. एकदा गाव कळलं असतं तर त्या गावात आमच्या ओळखीचं कुणी ना कुणी निघालंच असतं, आणि सोमवारपर्यंत आक्काची सगळी कुळकथा माझ्या हातात असती.

"नको," मी म्हणाले.

"बरं," आक्का म्हणाली. "मग त्या म्हाताऱ्याला खिंडीतनं बाहेर काढाया पायजे. चिमणे, म्होरं हो. लालासाहेब, तुमी माज्यासंगं, मागं."

शिवांजली तिचा मोबाईल घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. मी माझा घेतला. अर्धा तास आम्ही चाललो. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण कड्याच्या वळणावर चिमणी थांबली आणि मी येईपर्यंत थांबून राहिली. ती टोळीची रीत होती, माझ्यासाठी म्हणून नव्हतं. तेवढं मला कळत होतं.

जेवताना ती म्हणाली, "मी पासवर्ड बदललाय."

"बरं."

"तू रोज यायचं नाही. मी बोलावलं तरच."

"बरं."

"आन् मला कोन बोलावनार?" आत्यांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी स्वतःच आमटी वाढून घेतली.

रविवारी ह्यांचा फोन आला. मी काही न लपवता सांगितलं, दाढीसकट. हे आधी खूप हसले. मग, "घाबरली होती का गं ती?" म्हणाले.

"हो. माझ्यामुळं."

"मग काय ठरवलंस?"

"चालू राहू दे. सहा ते सात. तिला माणसं आहेत तिथं."

"तिला दे फोन."

शिवांजलीनं फोन घेतला, गॅलरीत गेली आणि मागं दार ओढून घेतलं. काचेतून तिची नुसती पाठ दिसत होती. ती हात हलवून काहीतरी सांगत होती, बहुतेक माझ्याबद्दलच. सरकून थोडं दारापाशी बसलं असतं तर शब्द ऐकू आले असते. वाळत घातलेले कपडे त्याच बाजूला होते, निमित्तही होतं.

मी पंख्याखाली बसून मेथी निवडत राहिले.