स्वयंपाकघरातलं अस्सल घड्याळ

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच घड्याळ विकलं, आणि ते माझं होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून नणंदेने मला वेड्यात काढलं आणि लेक फोनवर म्हणाली, "आई, एका घड्याळासाठी एवढं?" एका घड्याळासाठी! घरात सदतीस घड्याळं. त्यातल्या छत्तिसांना हात लावायची कुणाची टाप नाही, आणि सदतिसावं मी पाठ फिरवल्याबरोबर घराबाहेर जातं. मग मी चिडायचंसुद्धा नाही?

नवऱ्याच्या कार्डावर छापलंय, 'जुन्या अमेरिकन घड्याळांची खरेदी-विक्री'. निवृत्त झाल्या झाल्या त्याने ती कार्डं छापून घेतली. खरेदी जोरात झाली. लांबोडकी, गोल, अष्टकोनी, आठच्या आकड्यासारखी, सगळी भिंतीवरची. कुठल्या बंद पडलेल्या कचेरीतून, कुठल्या लिलावातून, कुणाच्या माळ्यावरून. आधी बैठकीच्या भिंती भरल्या, मग जिन्याच्या, मग झोपायच्या खोलीच्या. विक्रीचं म्हणाल तर गिऱ्हाईक यायचं, चहा प्यायचं, एखाद्या घड्याळाकडे बोट दाखवायचं, आणि नवऱ्याचं तोंड लेकीला सासरी धाडताना होतं तसं व्हायचं. "ते नको, त्याचं जरा काम बाकी आहे." "ते ना? ते एकाला कबूल केलंय." गिऱ्हाईक हात हलवत परत. व्यापार म्हणे!

बरं, एवढी घड्याळं, पण वेळ विचाराल तर एक सांगेल तर शपथ. कारण ती चालवायची नसतात. चालवली की चाकं झिजतात. म्हणून बैठकीत कायमचे सव्वादहा, जिन्यात कायमचे पावणेचार, आणि झोपायच्या खोलीत प्रत्येकाचं वेगळंच.

घरात चालणारं घड्याळ एकच होतं, स्वयंपाकघरातलं. माझ्या बाबांचं.

तेही अमेरिकनच. अष्टकोनी तोंड आणि खाली लंबक दिसायला छोटी काचेची खिडकी. मी शाळेत होते तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी त्याच्या आत काहीतरी फाडकन तुटलं. स्प्रिंग गेली होती, आणि जाता जाता चाकांचे दातही घेऊन गेली होती. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तिथल्या अडगळीत दुसऱ्याच कंपनीच्या घड्याळाचं मशीन पडलं होतं, ते त्यांनी मालकांना विचारून आणलं आणि स्वतःच्या हाताने आमच्या पेटीत बसवलं. मशीनचे पाय जुन्या भोकांवर येईनात, तेव्हा गिरमिटाने नवी पाडली. मी शेजारी बॅटरी धरून उभी. "हलवू नकोस गं," बाबा म्हणायचे, पण तोंडात स्क्रू धरलेले, त्यामुळे अर्धं ऐकू यायचं आणि मला हसू फुटायचं. त्यात एक भोक वाकडं गेलं. ते तसंच राहिलं.

धाकटा भाऊ तान्हा होता, टोल्यांनी दचकून उठायचा. म्हणून बाबांनी माझ्या जुन्या दप्तराच्या पट्ट्यातून चामड्याचा तुकडा कापला आणि टोल्याच्या हातोडीला बांधला. तेव्हापासून ते घड्याळ हळूच वाजायचं, शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी तसं. बाबा गेल्यावर भावाने आपणहून ते मला आणून दिलं. माझी अंडी त्याच्यावर उकडली, लेकीच्या तापात औषधं त्याच्यावर दिली, परीक्षांना तिला त्याच्यावर उठवलं. दर आठवड्याला चावी द्यायची, बाकी त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

नवऱ्याच्या लेखी मात्र ती भेसळ. पेटीच्या आत कागद चिकटवलेला एका कंपनीचा, आणि मशीनवर शिक्का दुसरीचा! या घड्याळवाल्यांचं सगळं घोडं तिथेच अडतं. ही मंडळी एकमेकांच्या घरी जमतात, खिशातून छोट्या बॅटऱ्या काढतात, आणि घड्याळाच्या पोटात डोकं घालून रिकामी भोकं शोधतात. एक जरी जास्तीचं भोक सापडलं की संपलं. म्हणजे मशीन बदललेलं आहे, म्हणजे घड्याळ अस्सल नाही, म्हणजे त्याच्याकडे बघून नाक मुरडायचं. वेळ बरोबर दाखवतं का, असं कुणी विचारलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. मंडळी आमच्याकडे आली की नवरा स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचा. घरात वेडसर नातेवाईक असावा, तसं.

गेल्या महिन्यात ताईचं ऑपरेशन झालं आणि मी पंधरा दिवस तिच्याकडे राहिले. परत आले त्या सकाळी पिशवी खाली ठेवली, दूध तापायला ठेवलं आणि सवयीने भिंतीकडे बघितलं. घड्याळ होतं. अष्टकोनीच होतं. तेवढंच मोठं, तसाच रंग. पण ते बाबांचं नव्हतं.

माझा खरा संताप इथे आहे. विकलं ते विकलं, वर त्याच खिळ्यावर दुसरं टांगून ठेवलं. माझ्या लक्षात येणार नाही असं वाटलं त्या माणसाला!

"माझं घड्याळ कुठे आहे?"

"आधी चहा तर घे," नवरा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला.

"अहो, घड्याळ कुठे आहे?"

"अगं, हे त्याच्यापेक्षा कितीतरी वरचं आहे." वर्तमानपत्र खाली आलं. चेहऱ्यावर मला दागिना घडवल्याचा आनंद. "शंभर टक्के अस्सल. मशीन तेच, पेटी तीच, आतला कागद कोरा करकरीत. एक भोक जास्तीचं नाही. माझ्याकडच्या पहिल्या तिनांत येईल हे, आणि ते मी स्वयंपाकघराला दिलंय! फक्त चालवू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालवू नकोस! म्हणजे स्वयंपाकघरातसुद्धा आता कायमची पाच वाजून वीस मिनिटं.

मग एकेक बाहेर आलं. घड्याळ दातांच्या डॉक्टरांना दिलं होतं. डॉक्टर या बॅटरीवाल्यांपैकीच. त्यांच्याकडे बाबांच्या पेटीला शोभेलसं, त्याच कंपनीचं मशीन होतं, पण त्याची पेटी वाळवीने खाल्लेली. त्यांना नुसती पेटी हवी होती. आणि छत्तीस घड्याळांसाठी गिऱ्हाइकांना वाटेला लावणाऱ्या माझ्या नवऱ्याने सदतिसावं पहिल्या शब्दात देऊन टाकलं.

"भेसळीचं होतं गं ते," तो म्हणाला. "मी या धंद्यातला माणूस. माझ्याच घरात तसलं टांगलेलं लोकांनी बघितलं तर काय तोंड दाखवू?"

"त्या घरातून उचलून या घरात बसवलेली मी. मीही भेसळच की! मला कधी देताय डॉक्टरांना?"

त्याने वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. किती घेतले ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं. ते मी तसंच सोडलं आणि आल्या पावली बाहेर पडले.

दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर तीन-चार माणसं गालाला हात लावून बसली होती. लवंगेच्या तेलाचा वास, आतून मशीनची घरघर. आणि समोरच्या भिंतीवर बाबांची पेटी. बुटासारखी पॉलिश केलेली. मी ओळखली ती खिडकीच्या कडेच्या टवक्यावरून, तेवढा राहिला होता. चालत नव्हती अर्थातच.

डॉक्टर हनुवटीखाली मास्क ओढून बाहेर आले. "वहिनी! बघितलंत? कसं खुललंय!" त्यांनी मोठ्या हौसेने खालची खिडकी उघडली. "आत एक वाकडं भोक होतं, कुणीतरी अडाण्यासारखं पाडलेलं. लाकडाचा भुसा भरून असं बुजवलंय की शोधून सापडणार नाही."

मी आत बोट घातलं. फळीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. खरंच सापडलं नाही. सगळं गुळगुळीत होतं, आणि मला तिथे, सगळ्यांसमोर, रडू आलं. त्या रडण्याचाही मला राग आला.

"अडाण्याने नाही पाडलं," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी पाडलं."

डॉक्टर ओशाळले, पण लगेच सावरले. "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. पण आता त्या घड्याळाला न्याय मिळाला. कारखान्यातून जसं निघालं असेल, तसं झालंय ते."

"कारखान्यातून निघालं तेव्हा तुम्ही होता का बघायला? आमच्या घरी इतकी वर्षं कसं चाललं ते मी बघितलंय. न्याय कसला? चालतं घड्याळ घेतलंत आणि बंद करून भिंतीला लावलंत!" बाकावरच्या माणसांचे हात गालांवरून खाली आले होते. "आतलं मशीन कुठे आहे?"

"ते होय? ते भंगारात टाकलं असेल मागे."

मागच्या खोलीत साच्यांचे पांढरे दात मांडून ठेवलेले, आणि टेबलाखाली प्लॅस्टिकचा क्रेट, पितळी मशिनांनी भरलेला. "यातलं नेमकं कुठलं ते आता मलाही..." डॉक्टर म्हणत होते तोवर मी जमिनीवर बसून एकेक काढायला लागले होते. तळाशी सापडलं. लंबक त्यालाच दोऱ्याने बांधलेला, आणि हातोडीला काळं पडलेलं चामडं.

"त्याला काहीतरी घाणेरडं गुंडाळलंय, ते कापून टाका आधी," डॉक्टरांनी कात्री पुढे केली.

"खबरदार," मी म्हटलं. डॉक्टरांनी कात्री मागे घेतली.

मी मशीन रुमालात बांधलं. डॉक्टर दारापर्यंत आले. "घेऊन जा, त्याचं काही द्यायचं नाही."

"देतंय कोण!"

"पण वहिनी, बसवणार कशात? तुमच्याकडे पेटी कुठे आहे?"

तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. घरी येईपर्यंत ठाऊक झालं.

नवरा जेवून आडवा झाला होता. उतू गेलेलं दूध त्याने पुसलं होतं, एवढी अक्कल सुचली होती. मी ते अस्सल घड्याळ खिळ्यावरून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथं न घालता नीट, उताणं ठेवलं. काटे काढले, तबकडी काढली. आतला कागद खरंच करकरीत होता. चार स्क्रू काढून ते झिजू न दिलेलं मशीन बाहेर घेतलं आणि फडक्यावर ठेवलं. मग बाबांचं मशीन आत धरून बघितलं. पाय भोकांवर येईनात. यायचे नव्हतेच.

नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून गिरमिट आणलं आणि पहिलं भोक पाडायला घेतलं. लाकूड जुनं, कुरकुरायला लागलं. त्या आवाजाने जी माणसं झोपेतून उठतात त्यांतला माझा नवरा पहिला.

"अगं! अगं काय करतेस!" तो दारात, बनियनवर, केस उभे. "ते अस्सल आहे!"

"होतं."

"भोक पाडतेस? त्याला? अगं, त्याच्या जन्मात कुणी हात लावला नाही त्याला!"

"म्हणून तर बिचाऱ्याला काही येत नाही," मी म्हटलं, पण तोंडात स्क्रू होते, त्यामुळे त्याला अर्धंच कळलं असेल.

तो टेबलाभोवती फिरला. हात पुढे करायचा, मागे घ्यायचा. माझ्या हातात गिरमिट आणि ते निम्मं आत गेलेलं, त्यामुळे मला धक्का लावायचीही सोय नव्हती. शेवटी खुर्ची ओढून बसला आणि कपाळाला हात लावला. "मला विचारायचंस तरी."

मी तोंडातले स्क्रू काढले. "तुम्ही विचारलंत?"

माझं पहिलं भोक झालं होतं. दुसरं पेटीच्या आत, कोपऱ्यात येत होतं, आणि तिथे माझ्याच डोक्याची सावली पडत होती.

"दिसत नाहीये," मी म्हटलं. "बॅटरी धरा. नाहीतर वाकडं जाईल."

वाकडं हा शब्द ऐकल्यावर त्याच्याने राहवेना. भोक पडणं वाईट, पण वाकडं पडणं त्याहून वाईट. त्याने खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून ती छोटी बॅटरी काढली आणि माझ्या खांद्यावरून आत उजेड धरला. उजेड सारखा आतल्या करकरीत कागदाकडे सरकत होता.

"हलवू नका हो."

"नाही हलवत."

चारही भोकं सरळ गेली. बाबांपेक्षा सरळ, हे मला जरा टोचलंच. काटे किंचित सैल बसले, पण बसले. घड्याळ खिळ्यावर चढवलं, लंबक अडकवला, चावी दिली. पहिला टोला पडला तेव्हा मी श्वास धरून होते. आवाज तोच नव्हता. टोल्याची तार या पेटीची होती, जरा खरखरीत. पण मऊ होता, चामड्याचा होता. तीन वाजायच्या जागी सात टोले पडले. नवऱ्याने सवयीने आत बोट घालून टोल्याचा खटका उचलला, पुन्हा उचलला, आणि काट्यांशी जुळेपर्यंत त्याला वाजवत राहिला.

मग तो मागे सरला आणि माझ्या नव्या भोकांवर शेवटचा उजेड टाकला.

"आता हे कुणीही विकत घेणार नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि घड्याळाची खिडकी लावून घेतली.