दोनशे सतरा नंबरची पेटी

मी एक पेटी बोलते आहे. दागिन्यांची नव्हे, भजनातली सूर लावायचीही नव्हे. चिडाच्या लाकडाची, हिरव्या रंगाची, दोन्ही बाजूंना दोरीच्या मुठी असलेली तोफगोळ्यांची पेटी. मला जन्म दिला तो माणसं मारण्यासाठी. हे मी लपवत नाही, कारण लपवण्यामुळे काय होतं ते मी फार जवळून पाहिलं आहे.

माझा जन्म जबलपूरचा, एकाहत्तर सालचा. सुतारांनी खिळे ठोकून मला उभी केली आणि कारखान्याच्या भरणखात्यात पाठवली. तिथे दारूगोळ्याचं काम, म्हणून अंगावर धातूचा कणसुद्धा चालत नसे. बायका दाराशी बांगड्या काढायच्या, केसातल्या पिना काढायच्या, भिंतीवरच्या खुंटीला मंगळसूत्र टांगायच्या आणि गळ्यात काळा दोरा बांधून आत शिरायच्या. संध्याकाळी आपापलं मंगळसूत्र ओळखून घालायच्या. हातांचे तळवे मात्र पिवळेच राहायचे. ती दारू साबणाने निघत नसे.

मला भरलं ते कुंदानं. टोकन नंबर दोनशे सतरा. कारखान्याच्या खमरिया वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहणारी, सव्वीस वर्षांची, लहान मुलाला सासूजवळ ठेवून ओव्हरटाइम करणारी. नवरा अच्युत फौजेत हवालदार, तेव्हा सरहद्दीवर. तिनं माझ्यात उखळी तोफेचे सहा गोळे नीट बसवले.

शेजारची बाई हसून म्हणाली, "कुंदा, नवऱ्याला डबा पाठवून राहिली काय गं?"

"हो ना, सहा लाडू आहेत. म्हणावं, एकटे खाऊ नका, समोरच्यांनाही वाढा."

सगळ्या हसल्या. कुंदानं चिठ्ठीवर तारीख टाकली, टोकन नंबर लिहिला. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची तिची सवय होती. चिठ्ठी माझ्या झाकणाच्या आत चिकटवली आणि झाकण बंद केलं.

आगगाडीतून, मग ट्रकमधून, मग माणसांच्या खांद्यावरून मी पंजाबात पोचले. उसाच्या फडाच्या अलीकडे एका खड्ड्यात एक उखळी तोफ लावली होती. तिचा प्रमुख हवालदार अच्युत, आणि नळीत गोळा सोडणारा त्याचा जिवलग दोस्त रत्नाकर, जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यातला. हजारो पेट्या हजारो जागी गेल्या असतील. मी नेमकी त्याच खड्ड्यात आले, याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

अच्युतनं माझं झाकण उचललं आणि तसाच थांबला. बायकोच्या पत्रात टोकन नंबर असायचाच. आणि पोटात रेघ मारलेला तो सात! त्यानं त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"काय झालं बे? कांदा कापून राहिला काय?" रत्नाकर मागून म्हणाला.

"धूळ गेली डोळ्यात."

त्यानं झाकण लावलं, रत्नाकर पाणी आणायला गेला तेव्हा मला खड्ड्याच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि वर घोंगडी आणि ताडपत्री टाकली. त्याच्या मनात काय आलं ते मला त्याच्या हातांवरून समजलं. ही पेटी फुटली नाही तोवर माझं घर शाबूत आहे, असं. साधी माणसं संकटात अशीच गाठ मारतात. कुणी जेवणातला पदार्थ सोडतो, कुणी दाढी ठेवतो. यानं मला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना हल्ला आला.

मी तोपर्यंत फक्त खिळ्यांचे घाव ओळखत होते. त्या सकाळी कळलं, जमीनसुद्धा ओरडते. शत्रूच्या तोफांनी आमच्या रांगा नांगरून काढल्या. डावीकडच्या खंदकातला एक शीख जवान स्वतःचा तुटलेला हात दुसऱ्या हातात धरून कुणाला तरी शोधत फिरत होता. स्वयंपाक्याचं शरीर पातेल्याशेजारी होतं, डोकं नव्हतं. समोरच्या उसातून माणसं ओळीनं पुढे येत होती, पडत होती, पडलेल्यांवरून दुसरी येत होती. रत्नाकर गोळा सोडी, कान झाकी, पुन्हा सोडी. नळी इतकी तापली की तिला हात लावताच त्याच्या तळव्याची साल तिथेच राहिली. तो शिवी देऊन हसला आणि पुढचा गोळा उचलला.

मग हात टेकवला तिथे गोळा नव्हता.

"खतम झाले काय रे?"

घोंगडीखाली मी होते. सहा गोळे पोटात. चार पावलांवर.

अच्युतनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खतम," तो म्हणाला.

"मग मी बाजूच्या खड्ड्यातून घेऊन येतो. तू दबून राहा."

रत्नाकर उठला आणि वाकून धावला. बाजूचा खड्डा चाळीस पावलांवर. तो वीस गेला असेल. गोळा त्याच्या पायांपाशीच पडला. धूर खाली बसला तेव्हा तो मातीत बसल्यासारखा दिसत होता, कारण कमरेखाली काही उरलं नव्हतं. तोंड उघडं होतं. त्यानं दोनदा "अच्युत" म्हटलं, आणि मग संपला.

अच्युतनं घोंगडी फेकली. नखांनी माझं झाकण उपसलं. ती चिठ्ठी टरकावून चिखलात टाचेखाली चिरडली. आणि कुंदानं पाठवलेले सहाच्या सहा गोळे एकट्यानं सोडले, ओरडत, रडत, नाव घेत. ऊस पेटला. उसातून आलेल्या त्या किंकाळ्या मी अजून ऐकते. हल्ला तिथेच थांबला. सहा गोळ्यांनी थांबला, आधी सोडले असते तर आधी थांबला असता. हे त्यालाही कळलं आणि मलाही.

मेजरसाहेबांनी विचारलं, "रत्नाकर बाहर क्यों निकला?"

"बम खतम हो गए थे, साब."

एवढंच वाक्य. त्यानंतर ते मागे घेता आलं नाही.

रिकामी झाल्यावर मला परत पाठवायला हवं होतं. पण अच्युतनं रत्नाकरचं घड्याळ, पत्रं आणि एक लोकरीचा गळपट्टा माझ्यात घातला आणि परवानगी काढून मला जबलपूरला आणलं. गोरखपूरमध्ये रत्नाकरची बायको अंजनी, बावीस वर्षांची, दारात उभी होती. तिनं गळपट्टा नाकाला लावला.

"ते बाहेर काहून गेले, भाऊजी?"

"गोळे संपले होते, वहिनी. कमी आले."

कमी आले! तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "कुठून येतात गोळे?" कुंदाच्या कारखान्यातून, हे जबलपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून गुन्हा अच्युतचा, पण शिक्षा भोगली कुंदानं.

दरवर्षी मार्गशीर्षात रत्नाकरच्या तिथीला कुंदा वडाभात करायची, डबा भरून बसनं गोरखपूरला जायची. आणि दरवर्षी भरलेलाच डबा घेऊन परत यायची. रत्नाकरच्या वस्तू देऊन झाल्यावर अच्युतनं मला आपल्या घरी आणून पुढच्या खोलीत बसायला ठेवलेली, तो डबा माझ्यावरच आदळायचा. एकदा तिनं सासूला सांगितलं, तेव्हा मला कळलं अंजनी काय म्हणते ते. "जेवण कशाला आणलं वहिनी? तेव्हा गोळे पाठवायचे होते."

कुंदानं ते खरं मानलं. आपण बायका कमी पडलो, आपले हात हळू चालले, म्हणून एका बाईचं कुंकू गेलं. इतर बायका सणाला सुट्टी घ्यायच्या, ही ओव्हरटाइम मागून घ्यायची. तळवे पिवळे, डोळे पिवळे, खोकला थांबेना. शहरात कमानिया गेटपाशी लढाईतला वीर म्हणून अच्युतला हार घातले, शाल दिली, तेव्हाही ही कामावरच होती.

घरी येऊन ती कधीतरी विचारायची, "अहो, त्या दिवशी नेमक्या किती पेट्या कमी पडल्या? सांगा ना, मला कळू तर द्या."

आणि तो मारायचा.

मी खोटं सांगणार नाही. पहिल्यांदा थोबाडीत मारलं. नंतर कमरेचा पट्टा निघाला. एकदा त्यानं तिला ढकललं, माझ्या कोपऱ्यावर तिचं मनगट आपटलं आणि मोडलं. लाकडाला दोष नसतो, पण आवाज माझ्यातूनच निघाला. दुसऱ्या दिवशी गळ्यात झोळी बांधून कुंदा कामावर गेली आणि "न्हाणीत पडले" म्हणाली. मुलगा श्रीरंग आठ वर्षांचा होता. तो माझ्यावर घोडा करून "ठो, ठो" असा लढाईचा खेळ खेळत होता, तर अच्युतनं त्याला इतकं बडवलं की त्याच्या कानातून रक्त आलं. तो कान पुढे कधी नीट ऐकू लागला नाही. मोठा झाल्यावर श्रीरंग इटारसीला नोकरीला गेला. दिवाळीला यायचा, एक दिवस राहायचा, बापाच्या बाजूला बहिरा कान करून बसायचा.

मारून झालं की अच्युत माझ्यावर येऊन बसायचा, दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरून. त्याला वाटायचं, मला कोणी उघडलं तर ते वाक्य बाहेर येईल.

चौतीस वर्षं अशी गेली. कुंदा रिटायर झाली. खात्यातल्या बायका तिला हार घालून घरापर्यंत सोडायला आल्या. चिवडा, चहा, हसणं. त्या घरात इतकं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि दारात अंजनी उभी राहिली. इतक्या वर्षांत प्रथमच. केस पांढरे, पाठ ताठ. कुंदानं धावत जाऊन तिला आत आणलं, माझ्यावर बसवलं.

एक बाई कौतुकानं म्हणाली, "दीदी ने चौतीस साल में कितनी पेटियाँ भरी होंगी, सोचो!"

"एक कमी भरली," अंजनी म्हणाली.

हार घातलेली कुंदा खाली बसली. वयानं धाकट्या असलेल्या त्या बाईच्या पायांवर तिनं हात ठेवले. "अंजनी, आज तरी माफ कर गं. माझ्या हातून जेवढं झालं तेवढं केलं. आता ते हातही थांबले."

अच्युत भिंतीशी उभा होता. सदुसष्ट वर्षांचा, छातीवर पदकं नव्हती, अंगात बनियन. त्याच्या गळ्यातून आवाज आला तो मी खड्ड्यातल्या त्या सकाळीच ऐकला होता.

"तिचे पाय सोड, कुंदा. पेटी कमी नव्हती."

"मग?"

"होती. सहा गोळे होते. मी लपवून ठेवले होते. तुझा नंबर होता तिच्यावर, म्हणून. रत्नाकर पडल्यावर काढले." मग तो अंजनीला म्हणाला, "तू बसली आहेस ती."

अंजनी अशी उठली जसं माझ्याखाली कुणी जाळ लावला. तिनं हातातला चहाचा स्टीलचा पेला त्याच्या कपाळावर हाणला. पुन्हा हाणला. भुवई फुटली, रक्त बनियनवर आलं. पेला वाकला तेव्हा तिनं मुठी वापरल्या. "चौतीस वर्षं! हिच्या डब्यावर थुंकले मी! हिच्या!" त्यानं हात वर केला नाही. खात्यातल्या बायकांपैकी कोणी पुढे झालं नाही. कुंदाही नाही.

तिनं फक्त एक विचारलं. "म्हणून मारत होते काय तुम्ही मला?"

त्यानं मान हलवली.

कुंदानं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. पुढे कधी तिनं त्याच्याशी त्या विषयावर शब्द काढला नाही. इतर कशावरही फारसा नाही.

"ही पेटी मी नेते," अंजनी म्हणाली आणि मला ऑटोत घालून गोरखपूरला घेऊन आली.

पहिल्या दिवशी तिनं माझ्यावर कुऱ्हाड चालवली ती लाकडावर चालवतात तशी नव्हे, माणसावर चालवतात तशी. माझी एक बाजू फुटली. ती दमून तिथेच बसली. तेवढ्यात कुंदा आली, फळीचे तुकडे गोळा केले आणि अंगणातल्या बंबात घातले. पाणी तापलं. दोघींनी हात शेकले. एकीचे तळवे अजून पिवळे आहेत.

आता हा दुसरा हिवाळा. कडाक्याची थंडी पडली की अंजनी माझी एक फळी काढते आणि कुंदा येते. बोलतात थोडं, कुंदाच्या सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल. कधी रत्नाकरबद्दलही, तो कसा हसायचा ते. आणि फाटकाबाहेर अच्युत उभा असतो. बायकोच्या मागोमाग येतो, हातात स्वतः केलेल्या वडाभाताचा डबा घेऊन. बहुतेक करपलेला. तो आत ये म्हणायची वाट बघतो. दोघींपैकी कुणी म्हणत नाही. बंब विझला की तो डबा घेऊन परत जातो.

मी त्याची बाजू घेत नाही. मोडलेलं मनगट, फुटलेला कान, उसातल्या किंकाळ्या, सगळं मी पाहिलं आहे. पण बाप्पा, मी लाकूड आहे, मला संपता येतं. माणसांना तेवढं सोपं नाही. म्हणून ऐकणाऱ्यांनो, एवढंच मागते. जे पाठवायचं ते हातात आहे तोवर पाठवा, आणि जे बोलायचं ते माणूस समोर आहे तोवर बोला.

आज तळाची फळी राहिली आहे. अंजनीनं ती बंबाशी आणून ठेवली, काडी पेटवायला वाकली आणि थांबली.

"उभा आहे काय तो?"

"उभा आहे," कुंदा म्हणाली.

अंजनीनं काडीपेटी खाली ठेवली. फाटकाकडे न पाहता मोठ्यानं म्हणाली, "या आत. ही तुम्हीच घाला."

फाटकाची कडी वाजली. आता त्याचे हात माझ्याखाली आहेत. या खेपेला ते मला मागे ओढत नाहीत.