न्हाणीतले पाढे

अलकनंदानं मुलीला घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा त्या घरातून सगळ्यात आधी अख्खी पोळी गेली.

ओवीला अपूर्णांक कळावेत म्हणून तव्यावरून उतरलेल्या पोळीचे आधी चार भाग होत आणि मग ती ताटात पडे. तेवढ्यात धाकटा पियुष एक तुकडा पळवे. अलकनंदाचे सासरे प्रभाकरराव पाटावर बसत तेव्हा त्यांच्या ताटात बहुधा पाऊणच पोळी उरलेली असे.

"बाकीची कोठी गेली?" ते विचारत.

"पियुषनं खाल्ली, आबा. तुमच्याकडे आता तीन छेद चार आहे," ओवी सांगे.

"मले भूक पुरी लागली आहे वं," आबा म्हणत आणि दुसऱ्या पोळीची वाट पाहत बसत. तीही कापली जात असे.

पोळीपाठोपाठ बाकीच्या वस्तूही कामाला लागल्या. यशोधनची चप्पल लांबी मोजायला गेली. हा ओवीचा बाप बालाघाटहून वारासिवनीच्या बँकेत नोकरीला जाई आणि त्याला रोज सकाळची बस गाठायची असे. एकदा त्याची चप्पल अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला सापडली, कारण अंगण मोजता मोजता मध्येच दूध उतू गेलं होतं आणि वर्ग तिथंच सुटला होता. देवघरातल्या तांब्याच्या पंचपात्रीत बेडकाची पिल्लं निघाली. अजून शेपट्या असलेली. पूजेला बसलेल्या प्रभाकररावांनी आचमनासाठी पळी बुडवली आणि उचलली, तेव्हा त्यांच्या तळहातावर काहीतरी वळवळलं. त्या दिवशी देवांची पूजा फार लवकर आटोपली.

हे सगळं सुरू झालं ते एका भांडणातून. ओवी पहिलीत असताना तिनं बाईंना विचारलं होतं की एकच ओळ पानभर काहून लिहायची. उत्तरादाखल तिला बाकावर उभं केलं गेलं. अलकनंदा बी.एस्सी. झालेली, आणि प्रश्नाला शिक्षा हे तिच्या हिशेबात बसेना. ती शाळेत गेली, ओवीचं दप्तर उचललं आणि साऱ्या शिक्षिकांच्या देखत म्हणाली, "मी घरीच शिकवतो माह्या पोरीले. न घोकता."

घरी आल्यावर प्रभाकरराव म्हणाले, "न घोकता? पावकी नाही, निमकी नाही, अडीचकी नाही?"

"अडीचकी आता कुठंच लागत नाही, मामाजी."

"लागत नाही कशी? अडीच मीटर कापड घ्यायले जाशील तवा काय भिंतीले विचारशील?"

"कागदावर गुणाकार करीन ना."

"दुकानदार थांबते का तुह्या कागदासाठी?" तहसील कचेरीत जन्म काढलेल्या प्रभाकररावांना पाढ्यांशिवाय शिक्षण म्हणजे बिनमिठाचं वरण वाटे. त्यांनी उपरणं झटकलं. "ठीक आहे. तुही शाळा, तुहे नियम. मी ह्याच्यात बोट घालणार नाही. एक अक्षर शिकवणार नाही."

दोघांनीही घरादारासमोर शब्द दिला होता, आणि दोघांनाही तो पुढं फार जड जाणार होता.

दोन वर्षं अशीच गेली. मग अठ्ठ्याण्णव सालच्या जूनच्या तोंडावर यशोधननं एका संध्याकाळी चप्पल स्वतःच्या मांडीवर ठेवून जाहीर केलं, "ओवीले आता शाळेत घालायचं. शाळेच्या मोतीलाल सरांशी बोलणं झालं. ते परीक्षा घेतील. तिसरीत बसवलं तर तुही पद्धत बरोबर, मंग पियुषलेही खुशाल दोन वर्षं घरी शिकव. पण पोरीले पहिलीत बसवलं, तर पियुष ह्याच जूनमध्ये शाळेत. मंजूर?"

"मंजूर," अलकनंदा म्हणाली. अगदी सहज म्हणाली. ओवी आठ वर्षांची होती आणि अंगानं उंच. पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत ती कशी दिसेल, हे चित्र मात्र रात्रभर अलकनंदाच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची अनुसया कवेलूंच्या छपरापुढं उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या हलवत होती. तिनं भिंतीपलीकडून बातमी दिली.

"मोतीलाल सर? थो पहाडेच विचारते वो वहिनी. माह्या महेंद्रले सतराचा विचारला. पोरगा तिथंच रडला."

"फक्त पाढे? समजलं का नाही, हे नाही पाहत?"

"समजून काय करते? आलं पाहिजे."

अलकनंदा घरात आली. सतराचा पाढा! ओवीला चिंचेच्या पानाला किती पर्णिका असतात ते माहीत होतं, उकळत्या पाण्यावरच्या वाफेत आणि ढगात काय साम्य आहे ते माहीत होतं; पण सतरा त्रिक किती हे विचारलं तर ती सतरा-सतराच्या तीन ढिगाऱ्यांत चिंचोके मांडायला बसली असती. मोतीलाल सरांच्या टेबलावर चिंचोके नसणार.

दुपारी मामाजी घोरू लागल्याची खात्री करून अलकनंदानं ओवीला न्हाणीत नेलं, कडी लावली आणि बादलीवरचा नळ सोडला.

"आंघोळ?" ओवीनं विचारलं.

"नाही. म्हण, सतरा एके सतरा."

"काहून?"

दोन वर्षं ज्या शब्दाचं तिनं कौतुक केलं होतं, तोच शब्द आज तिला नको झाला. "काहून ते नंतर. आधी म्हण."

नळाच्या आवाजावर आवाज चढवून ओवीनं म्हटलं. बादली भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. पियुष दार वाजवून ओरडत राहिला, "मलेही शिकायचं आहे!" त्याला वाटलं आत काहीतरी वाटप चाललंय.

"आई, हे आपण लपून काहून शिकून राह्यलो?"

"आबांना कळलं नाही पाहिजे. त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. शपथ घे."

ओवीनं गळ्याला हात लावला. "मंजे आबांसमोर मले पाढे येत नाहीत?"

"हौ. तसंच समज."

विज्ञान शिकवताना अलकनंदा अटी नेमक्या सांगे. घाईत शपथ देताना मात्र तिनं अट नीट तपासली नाही.

यशोधनच्या सुटीचा रविवार सोडून रोज दुपारी हे चालू राहिलं. टाकी संध्याकाळच्या आतच कोरडी पडू लागली आणि यशोधन बसमधून आल्यावर हातपाय धुवायला अनुसयाकडं जाऊ लागला. संध्याकाळी प्रभाकरराव ओवीला फिरायला नेत. परतताना दोघांचे तळहात काळे असत आणि दोघंही गप्प असत. म्हातारा नदीकाठी बसवून अडीचकी घोकून घेत असणार, असं अलकनंदाच्या मनात आलं. एरवी ती यावर चिडली असती. पण आता तिनं साबण पुढं केला आणि एक शब्दही विचारला नाही. जेवढे पाढे तेवढे बरे.

परीक्षेच्या दिवशी यशोधनला रजा मिळाली नाही, तेव्हा प्रभाकरराव स्वतःहून टोपी घालून तयार झाले. "मी निस्ता बसतो," ते म्हणाले.

मोतीलाल सरांची खोली रुळाच्या बाजूला होती. सर जाडजूड, हसतमुख आणि हिंदी बोलणारे. पण बालाघाटात आयुष्य गेल्यामुळं मराठी चांगलं समजणारे. त्यांनी ओवीला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"हां बेटा, सतरह का पहाड़ा सुनाओ. मराठी में ही बोलो, चलेगा."

अलकनंदाच्या जिवात जीव आला. अनुसयाची बातमी अक्षरशः खरी निघाली होती.

ओवीनं तोंड उघडलं, मान वळवून आबांकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. "नहीं आता."

"अच्छा, सात का?"

पुन्हा आबांकडं नजर. "नहीं आता."

अलकनंदाला खोलीतला पंखा फिरायचा थांबल्यासारखं वाटलं. सर मात्र शांत होते. तेवढ्यात खिडकीबाहेरून छोट्या लाइनची, अरुंद रुळांवरची गाडी खडखडत गेली. ती जाऊ देऊन त्यांनी विचारलं, "अच्छा, यह बताओ, रेल की पटरियों के बीच में थोड़ी जगह क्यों छोड़ते हैं?"

प्रभाकरराव एकदम ताठ बसले. ओवीचे डोळे चमकले. मग तिनं आईकडं पाहिलं आणि चमक विझवली. "नहीं आता."

"तुम्हारा नाम?"

ओवीनं आईकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, बराच विचार केला. "ओवी." एवढं लपवायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

सरांनी खेदानं पेनाचं टोपण काढलं. "बहनजी, बच्ची प्यारी है. पर पहली में ही बैठाना पड़ेगा."

अलकनंदाला पाढ्यांचं कोडं उलगडलं होतं. पोर अडली नव्हती. पोर शब्द पाळत होती. तो सोडवायचा तर मामाजींच्या देखत सोडवावा लागणार. दोन वर्षं ताठ ठेवलेली मान याच खोलीत वाकवावी लागणार. पेन कागदाला टेकायच्या आत ती म्हणाली, "ओवी, म्हण. शपथ सुटली."

"आबांसमोर?"

"आबांसमोरच."

"गळ्याले हात लावून सांग."

अलकनंदानं डोक्यावरचा पदर सावरला, सासऱ्यांकडं न बघता गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "पाढ्यांची शपथ सुटली."

"सतरा एके सतरा!"

मोतीलाल सर खुर्चीसकट मागं सरकले. ओवी नळाच्या आवाजावर म्हणायला शिकली होती. हळू म्हणता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एक्कावन्न!" बाहेर चपराशी दारात येऊन उभा राहिला. शेजारच्या वर्गातल्या एका पोरानं सवयीनं पुढचा आकडा ओरडला.

पाढा संपल्यावर प्रभाकररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सूनबाई, तू? घोकून?"

"हौ, मामाजी. न्हाणीत."

"तरीच म्हटलं, मले पाणी काहून मिळून नाही राह्यलं."

ते हसायच्या बेतात होते. पण ओवीनं त्यांची बाही ओढली. "आबा, आता तुमची बी सोडा."

"माही कोणती?" आबांनी छताकडं पाहिलं.

"रुळाची."

मोतीलाल सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना आता मुलीपेक्षा तिच्या पालकांमध्ये जास्त रस वाटू लागला होता. प्रभाकररावांनी दोनदा खाकरून गळ्याला दोन बोटं लावली. "सुटली," ते पुटपुटले.

"उन्हाळ्यात लोखंडाले ऐसपैस लागते!" ओवी म्हणाली. "फट नाही ठेवली तर रूळ एकमेकाले ढकलते अन् वाकडे होते. आम्ही सकाळी बोट घालून पाहिलं, अन् दुपारी पाहिलं. दुपारी फट बारीक होते. आबांचं बोट जात नाही, माहं जाते."

"दुपारी?" अलकनंदा म्हणाली. "दुपारी तर तुम्ही झोपता."

"रविवारी नाही झोपलो." प्रभाकररावांनी कबूल केलं. "कचेरीतला माहा दोस्त सुखराम म्हणाला का हा मास्तर पहाडे विचारतच नाही, 'क्यों' विचारते. मंग तुही शाळेची पुस्तकं काढली पेटीतून. तुले कसं सांगू? म्या बोट घालणार नाही म्हटलं होतं."

"आणि नेमकं बोटच घातलं!" अलकनंदा म्हणाली आणि हसू आवरायला खिडकीकडं वळली.

सरांनी कागदावर 'तिसरी' असं ठळक लिहिलं. मग काहीतरी आठवून त्यांनी पेन पुन्हा उचललं. "बेटा, और कुछ छुपाया है?"

"हां," ओवी प्रामाणिकपणे म्हणाली. "एक पियुष की है. पर वो यहाँ नहीं है."

परतताना ओवी पुढं उड्या मारत चालली होती. मागं सासरा आणि सून पियुषची वाटणी करत होते.

"पहाडे मी घेतो," प्रभाकरराव म्हणाले. "उघड्यावर. ओसरीत बसून."

"घ्या. पण समजल्यावरच घोकून घ्या. आणि रुळाला ऐसपैस लागते, असं नका शिकवू, मामाजी. लोखंड उष्णतेनं प्रसरण पावतं."

"पोरीले समजलं का नाही?"

"समजलं. पण लोखंडाला काही लागत नसतं."

"वा! घामाघूम झालं का मलेही ऐसपैस लागते. लोखंडानं काय पाप केलं?"

घर येईपर्यंत दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही. दारात पियुष उभा होता. त्यानं ओवीच्या तोंडाकडं एकवार निरखून पाहिलं, मग आईच्या आणि आबांच्या, आणि आपली गोष्ट अजून फुटलेली नाही याची खात्री झाल्यावर पळत घरात गेला.

"काय आहे वं त्याचं?" प्रभाकररावांनी हळूच विचारलं.

"त्यालेच विचारा," ओवी म्हणाली.

"चला," अलकनंदा सासऱ्यांकडं वळून म्हणाली, "मामाजी, पहिला तास तुमचा."