रक्तहरण महाराजांची परात

कवठे महांकाळच्या बाजारात त्या दिवशी मेंढरांपेक्षा माणसंच जास्त दाटली होती. चिंचेखाली रक्तहरण महाराज बसले होते. पुढ्यात पितळी परात, शेजारी झाकलेली कळशी. रोग्याने परातीत पाय ठेवायचे, महाराजांनी त्यावर देवाचा पिवळाधमक भंडारा फासायचा, वरून कळशीतलं ‘गंगाजल’ ओतायचं, की परातीतलं पाणी लालभडक!

“बघा! कोठ्यातलं नासकं रक्त तळव्यावाटे खाली! ना सुई, ना कापाकापी, ना धोतराला हात!”

त्या शेवटच्या तीन शब्दांनी बिराप्पाला जिंकलं होतं. वय पंचावन्न, दीडशे मेंढरांचा धनी, लांडग्यावर काठी घेऊन धावलेला गडी. पण सहा महिने परसाकडला रक्त पडतंय, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रंगुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते धोतर धुताना कळलं. तिने सांगलीच्या डॉक्टरचा धोशा लावला. बिराप्पाने चौकशी केली, डॉक्टर बोट कुठं घालून बघतो ते कळलं, आणि त्याने सांगलीचं नावच टाकलं. महाराज बिचारे नुसते पाय धुवत.

“तीन पराती झाल्या. रगत थांबलं का?” रंगुबाईने विचारलं.

“थांबंल की. आजून पाच हायत म्हणलं महाराज. तवर दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. सुईचा वास लागला की रगत उलटं फिरतं.”

चौथ्या परातीला रंगुबाई बरोबर गेली. पाय धुऊन उठताना बिराप्पाला घेरी आली आणि तो तिच्या खांद्यावर रेलला. महाराजांनी तिच्या तळहातावर कळशीतलं तीर्थ ओतलं. तिने ते जिभेला लावलं आणि थबकली. चाळीस वर्षं तंबाखू मळून खाल्लेली ती जीभ चुन्याला कशी फसणार?

मागल्या साली बिराप्पाचा पाय मुरगळला, तेव्हा तिनेच हळद-चुन्याचा लेप दिला होता. तोही असाच लाल झालेला. तो लेप साऱ्या बाजाराने कधी ना कधी लावला असेल. पण भंडाऱ्याला हळद म्हणायचं या मुलखात कुणाच्या मनातही येत नाही; तो देवाचा. महाराजांचं सगळं दुकान तेवढ्यावर चाललं होतं.

रंगुबाईने मनातल्या मनात बिरोबा देवाची माफी मागितली आणि पदर खोचला.

“महाराज, आज तुमची पाद्यपूजा करायची हाय. पाय द्या.”

महाराज खुश होऊन पाय पसरतात तोवर तिने त्यांवर भंडारा चोळला आणि त्यांच्याच कळशीतलं पाणी ओतलं. परात लाल!

“अगं बया! तुमास्नीबी हाय व्हय?”

गर्दी फिस्सकन हसली. महाराजांनी पाय वर ओढले. “मी... मी भक्तांची पीडा अंगावर घेतो!”

“असं? मग ह्यानं कुणाची घेतली?” म्हणत तिने शेजारच्या मेंढ्याचा पाय धरला. भंडारा, पाणी, लाल! मेंढा बें करून ओरडला. “हळदीला चुना लागला की लाल हुतंच, आवं! ह्यात मंतर कसला?”

बाजार पोट धरून हसत होता. महाराज कळशी टाकून एसटीकडे पळाले. हसला नाही तो एकटा बिराप्पा. परातीत आपलं रक्त नव्हतं, म्हणजे जे पडतंय ते अजून पडतंच आहे, हे त्याला कळलं आणि तो मनापासून घाबरला.

“रंगे, सांगलीला चल,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला असा त्रास?”

“थोरल्या भावाला करणी झालती. असंच रगत पडून गेला,” बिराप्पा म्हणाला.

“करणी नसेल हो ती. असं रक्त बहुतेकांना मूळव्याधीने नाहीतर गुदद्वाराला पडलेल्या चिरेने पडतं, कधी जुलाबाच्या आवेने. पण मोठ्या आतड्यात गाठ झाली तरी पडतं. वय पन्नाशीपुढं असेल, शौचाची सवय बदलली असेल, घरात कुणाला झालं असेल, तर धोका जास्त. नुसतं बघून ओळखता येत नाही. तपासावंच लागतं.”

बिराप्पाने डोळे गच्च मिटले. बोटाला काही लागलं नाही. दिव्याच्या नळीतून मात्र वर गाठ दिसली. कॅन्सरची होती, पण पसरली नव्हती. तेवढं आतडं कापून काढलं.

चार महिन्यांनी बिराप्पा बाजारात मेंढरं घेऊन उभा होता. गुंडा नावाचा तरणाबांड गडी बराच वेळ घुटमळून कानाशी आला.

“आप्पा, मलाबी जरा... रगत दिसतंय. पन डॉक्टर लय लाज काढतो म्हणं?”

“काढतो की,” बिराप्पा साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “दोन मिनिटं लाज वाटती, गड्या. मूळव्याध निघाली तर हसत घरी यी. गाठ निघाली तर येळंवर गेलास. माझा भाऊ दवाखान्यात गेलाच न्हाई रं!”

गुंडाने मान खाली घातली. पण त्याच्या मागे आणखी तिघं कान टवकारून उभे होते, आणि त्यातल्या एकाने विचारलं, “सांगलीची गाडी कितीला हाय?”