नकाशातला खडक

मी पस्तीस वर्षं नकाशे काढले, पण त्यातलं एक ठिकाण डोळ्यांनी पाहिलं असेल तर शपथ. डोंगर, नद्या, घाटरस्ते सगळे हाताखालून गेले आणि मी आपली खिडकीजवळच्या टेबलाशी, निब आणि शाईच्या बाटलीला धरून. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीने विचारलं, "बोल, कुठे जायचं?" मी ताडकन म्हणाले, "डोंगरातल्या तळ्याला." तिला वाटलं, बाईला हवापालट हवाय. मला खरं तर माझा एक डाग पाहायचा होता.

त्या तळ्याचा नकाशा म्हणजे मी एकटीने काढलेलं पहिलं काम. संध्याकाळी तो छपाईला जायचा होता, आणि दुपारी निबेतून काळ्या शाईचा थेंब पडला, नेमका पाण्याच्या मधोमध. मुगाच्या दाण्याएवढा. ब्लेडने खरवडावा तर कागद फाटायची भीती. त्यात आमचे साहेब महाखाष्ट, एवढ्यावरून मला पुन्हा पेन्सिलींना टोक काढायला बसवलं असतं. मी डागाच्या कडा जरा कुरतडल्यासारख्या केल्या आणि त्यावर खडकाची खूण टाकून मोकळी झाले. साहेबांनी भिंग लावून नकाशा तपासला आणि म्हणाले, "शाब्बास! पाण्यातला खडकसुद्धा सोडला नाहीस."

तळ्यातल्या एका खडकाने कुणाचं काय अडतंय, असं म्हणून मी विषय मिटवला. पण मन आतल्या आत खात राहिलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, धाकटीला तर नाहीच. तिला सांगणं म्हणजे गल्लीत दवंडी.

बसने आम्ही तळ्याकाठच्या गावात उतरलो. घरं खाली दगडाची, वर लाकडाची, छपरांवर पातळ काळ्या फरश्या. खालच्या मजल्यावर गुरं, मधे माणसं, माळ्यावर गवत. दाराशेजारी सरपण इतकं नीट रचलेलं की एक ओंडका काढायचाही संकोच वाटावा. आमच्या खोलीत दोन खाटा, जाड घोंगड्या आणि चालताना कुरकुरणारी जमीन. मी हातपाय धुऊन येईपर्यंत धाकटीने मालकिणीची तीन बाळंतपणं आणि सुनेचं माहेर काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडचं गाव पाहायला आम्ही होडीत बसलो. तिथल्या लाकडी घरांवरचं कोरीवकाम पाहण्यासारखं आहे, असं मालकीण म्हणाली होती. नावाडी सत्तरीला टेकलेला, मनगटं मात्र अजून भक्कम. पलीकडच्या काठाकडे पाठ करून तो वल्हवत होता आणि अलीकडचं एक धुराडं नजरेत धरून होडी सरळ ठेवत होता. पाणी शांत होतं. मला इतकं बरं वाटत होतं की डागाची आठवणही मागे पडली.

मग मध्याच्या थोडं अलीकडे होडी डावीकडे वळली. मी सगळा जन्म रेघा ओढण्यात घातला आहे, वाकडी गेलेली मला लगेच कळते. पुढे तर नुसतं मोकळं पाणी होतं.

"नावाडीदादा, वळलात का?"

"खडक आहे तिथे."

मी कडेवरून वाकून पाण्यात पाहिलं. "दिसत तर नाही."

"पाण्याखाली असणार. नकाशात आहे ना! सरकारी नकाशा आहे ताई, धक्क्यावर काचेत लावलाय. आम्ही सगळेच नावाडी इथून वळसा घालतो."

"कुणाच्या होडीला लागलाय कधी?"

"लागेल कसा? आम्ही तिकडे जातोच कुठे?"

धाकटी खो खो हसली. मला हसू येईना. गप्प बसले तर हा म्हातारा हात चालतील तोवर त्या डागाला वळसा घालत राहणार. बोलले तर इतक्या वर्षांची त्याची मेहनत फुकट गेली, हे त्याच्या तोंडावर सांगायचं. गप्प बसावं असंच फार वाटत होतं. पण त्याच्या कपाळावरचा घाम दिसला आणि मी बोलून टाकलं. थेंब, ब्लेड, साहेब, सगळं.

त्याने वल्ही थांबवली. मला वाटलं, आता ओरडेल. तो नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला.

"माझे वडील," तो शेवटी म्हणाला. "अण्णा म्हणायचो आम्ही. आधी ही होडी त्यांची. ते सांगत होते, इथे खडकबिडक काही नाही, मी लहानपणापासून इथे गळ टाकतोय. नकाशा लागला तरी ते मधूनच न्यायचे. मी घाबरलो. म्हटलं, म्हातारपणी डोकं फिरलंय तुमचं, लोकांचा जीव घ्याल. धक्क्यावर चारचौघांत त्यांच्या हातातून वल्ही काढून घेतली."

"मग?"

"मग काय! पुन्हा होडीत पाय ठेवला नाही त्यांनी. दोन वर्षं ओसरीवर बसून होते. माझ्याशी बोलायचे सगळं, पण तळ्याचा विषय काढायचे नाहीत. तसेच गेले."

मी रडले, आणि रडायचा हक्क माझा नाही हे कळत असूनही मला थांबता येईना.

"बसा नीट," तो म्हणाला आणि त्याने होडीचं तोंड सरळ केलं.

खडक मीच काढलेला, तरी मी होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा आम्ही मधोमध थांबलो होतो. त्याने पायाशी पडलेला दोर उचलला, नांगराचा दगड पाण्यात सोडला आणि दोर हातातून जाऊ दिला. दोर सरत गेला, सरत गेला आणि संपला. दगड कशालाच टेकला नाही. त्याने दोराचं टोक बराच वेळ तसंच धरून ठेवलं, मग हळूहळू वर ओढून घेतलं.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"तुमच्या हातून कागद खराब झाला, ताई," तो म्हणाला. "वल्ही मी काढून घेतली."

आणि तो पुन्हा वल्हवायला लागला.