शिखराखाली काढून ठेवलेला बूट

मी एक जुना बूट आहे. डावा. उजवा इथे माझ्या शेजारीच असतो, पण तो मुळात मुखदुर्बळ. त्यामुळे दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते. मित्रांनो, आज तुम्हाला आमच्या जागी एका लहान मुलीचे झिजलेले बूट दिसतील. पण एके काळी आम्ही चांगले दांडगे, मोठ्या माणसाचे बूट होतो आणि इटलीतला एक डोंगर चढून आलो होतो. चढून आलो म्हणजे, जवळजवळ चढून आलो. त्या 'जवळजवळ'चे दुःख मी पुढे कितीतरी वर्षे मनात धरून होतो.

आमचा जन्म देवळाली कॅम्पच्या बाजारातला. तिथे धोंडीराममामा जवानांचे बूट दुरुस्त करत आणि कुणी सांगितले तर नवेही शिवत. १९७८ साली त्यांच्या दुकानात सोमा आला. तो घोटीकडच्या डोंगरातला. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि तिथेच खोली घेऊन राहत होता. कारखान्याने इटलीहून यंत्रे मागवली होती. ती चालवायला शिकण्यासाठी सोमाला उन्हाळ्यात तिकडे पाठवणार होते.

"मामा, असे शिवा का तिकडं माझी फजिती नाय झाली पाहिजे."

"तुझी झाली तर झाली," मामा दोऱ्याला मेण चोळत म्हणाले, "माझ्या बुटांची नाय व्हायची."

सोमाची मुलगी नवसा तेव्हा चार वर्षांची होती. पोलिओने तिच्या डाव्या पायातले बळ गेले होते. ती घरभर बसून सरकत असे. आम्ही घरी आलो त्या दिवसापासून तिला आमचे वेड लागले. निघायच्या सकाळी तर तिने आपले दोन्ही पाय माझ्या एकट्यात घातले आणि मला घट्ट धरून बसली.

"बाबा, मी पण येते."

मंगलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, तिला हळूच बाजूला घेतले. सोमाने नाड्या बांधल्या खऱ्या, पण वर पाहिले नाही. त्याचे डोळे भरले होते, ते फक्त आम्हालाच दिसले.

इटलीत सोमाला शिकवायला एक वयस्कर कामगार होता, पिएत्रो. सोमाने पहिल्याच आठवड्यात त्याचा पेत्रूभाऊ करून टाकला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे कधी भांडण झाले नाही. ऑगस्टमध्ये कारखान्याला सुट्टी लागली, तेव्हा पेत्रूभाऊ सोमाला आपल्या डोंगरातल्या गावी घेऊन गेला. हिवाळ्यात तिथे बर्फावर खेळायला माणसे येतात, उन्हाळ्यात शिखरे चढायला. लाकडी सज्जांतून लाल फुले लोंबत होती. गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. रात्री मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा ताटात आला, तेव्हा सोमा हसून म्हणाला, "अरे, हा तर आमचा घाटाच की!" आणि तो दोनदा मागून जेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. आधी देवदारासारख्या उंच झाडांची सावली, मग कुरणे, मग नुसता पांढरा खडक. उजवा एकदा घसरला, मी सावरले. (हे त्याला मान्य नाही.) वाटेत आईबापांबरोबर चढणारी लहान लहान मुले भेटत होती. त्यांच्या पाठीवर एवढ्या एवढ्या पिशव्या, हातात काठ्या. प्रत्येक मूल दिसले की सोमाची चाल मंदावायची. नवसाच्याच वयाची एक मुलगी त्याला हात हलवून 'चाओ' म्हणत उड्या मारत पुढे गेली. तो तिच्याकडे वळणापर्यंत पाहत राहिला.

मित्रांनो, मला मात्र एकच ओढ लागली होती. वर काय असेल? धोंडीराममामांच्या दुकानात सगळी जमीन सपाट. वरून जग कसे दिसते ते मला पाहायचे होते.

शिखर अगदी हाताशी आले. वर लाकडाचा मोठा क्रूस दिसू लागला. तेवढ्यात सोमा एका सपाट दगडावर बसला. त्याने माझी नाडी सोडली, मग उजव्याची. आम्हा दोघांना दगडावर नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी उभा राहिला.

पेत्रूभाऊ घाबरलाच. याच्या पायाला फोड आले असे वाटून तो गुडघ्यावर बसला आणि सोमाचे तळवे उलटेसुलटे करून पाहू लागला.

"पाय नाय दुखत, पेत्रूभाऊ," सोमाने आपल्याच भाषेत सांगितले. "वर देव हाय ना! देवाच्या माथ्यावर पायतान कसं नेयाचं?" आणि त्याने क्रूसाकडे पाहून हात जोडले.

सोमाच्या गावचा डोंगर असाच. माथ्यावर देवी आणि जरा खाली एक काळा दगड. त्या दगडाच्या वर पायताण न्यायचे नाही. त्या गावाला वाटते की शिखर म्हटले की वर कुणीतरी असणारच, मग ते कुठल्या का देशातले असेना.

पेत्रूभाऊने एकदा सोमाच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले, एकदा क्रूसाकडे. मग खाली बसून त्याने आपलेही जाडजूड बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक पडले होते. तसाच तो सोमाच्या मागून थंडगार खडकावरून वर गेला.

आणि आम्ही राहिलो खाली. मला फार वाईट वाटले. रागही आला. इतका डोंगर कुणी चढवला? खडे कुणी सोसले? वाऱ्याबरोबर सोमाचा आवाज तेवढा खाली आला.

"देवा, पोरीचा पाय बरा कर असं नाय म्हनत. डागतर म्हनले, तो तसाच राहनार. पन तिला एकदा तिच्या पायानं डोंगर चढू दे. कोनाच्या पाठीवर नको. येवढंच."

ते ऐकून माझा राग जागच्या जागी विरला.

नाशिकला परतल्यावर आमचे चार दिवस कौतुक झाले. शेजारीपाजारी आम्हाला हात लावून पाहत. मग आम्ही माळ्यावर गेलो. चामडे कडक झाले, उंदराने माझी जीभ कुरतडली. चार पावसाळे आम्ही अंधारात काढले. आपण संपलो, असे उजव्याला वाटू लागले होते. मलाही वाटत होते, पण मोठेपणाने मी बोललो नाही.

एके दिवशी सोमाने आम्हाला खाली काढले आणि थेट देवळाली कॅम्पला नेले. नवसा आता आठ वर्षांची झाली होती. तिच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर मिळाला होता. तो बुटाच्या टाचेत पक्का बसवावा लागतो आणि तसा दणकट बूट तिच्या मापाचा बाजारात मिळेना.

धोंडीराममामांनी आम्हाला ओळखले. उलटेपालटे करून त्यांनी चामडे कापायची रापी उचलली. मित्रांनो, काय सांगू! आपण शिवलेले बूट मामा आपल्याच हाताने कापत होते. पण त्यांनी चांगले चांगले चामडे निवडून घेतले, मऊ केले, लहान साच्यावर ओढले आणि माझ्या टाचेत लोखंड बसवले. आम्ही पुन्हा बूट झालो, फक्त लहान.

नवसा माझ्यात पाय घालून उभी राहिली. पडली. पुन्हा उभी राहिली. वर्षभर ती सातपूरच्या रस्त्यावर खडखड करत चालायला शिकली. आणि चैत्रात गावच्या देवीची जत्रा आली, तेव्हा म्हणाली, "बाबा, या वेळी मी चढणार."

सगळे गाव भराभर पुढे गेले. आम्ही सर्वांत मागे होतो. ऊन तापले, कॅलिपरचा पट्टा मांडीला घासू लागला. सोमा दर वळणावर पाठ वाकवून म्हणायचा, "ये बाई, बस जरा पाठीवर," आणि ती दर वळणावर मान हलवायची. दुपार कलली तेव्हा आम्ही काळ्या दगडाशी पोहोचलो. तिथे गावभराच्या चपला पडल्या होत्या आणि दर्शन घेऊन उतरलेली माणसे आपापल्या चपला शोधत होती.

सोमा खाली बसला. त्याचा हात माझ्या नाडीवर आला आणि तिथेच थांबला. मला काढले की कॅलिपर निघणार आणि कॅलिपर निघाला की नवसाला उचलूनच न्यावे लागणार.

"उचलून नेलंत तर मी चढले कुठं?" नवसा म्हणाली. "मग मी इथंच बसते."

कुणीतरी कुजबुजले, "पन पायतान वर कसं चालंल?" सगळ्यांच्या नजरा अक्काबाईंकडे वळल्या. अक्काबाई म्हणजे सोमाची आई. या बाबतीत गावात सर्वांत कडक. एका पाहुण्याला त्यांनी चपलांसकट भर जत्रेतून खाली पाठवले होते. त्या काठी टेकत पुढे आल्या. मला वाटले, संपले. याही डोंगरावर आपण खालीच.

अक्काबाई वाकल्या. पदराने त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली. तांब्यातले पाणी माझ्यावर ओतले आणि माझ्या टोकाला हळदकुंकू लावले.

"ह्ये पायतान नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो माझ्या नातीचा पाय हाय. पायाला का कोनी भायेर ठेवतं?"

वाटेतली माणसे बाजूला सरली. नवसाने आपल्या हाताने उजव्याला काढले, दगडाशी नीट ठेवले. एक पाय अनवाणी आणि दुसरा माझ्यात, अशी ती निघाली. सोमा मागे होता, पण त्याने हात लावला नाही.

माथ्यावर शेंदूर लावलेली देवी होती, एक घंटा होती आणि चहूकडे डोंगरच डोंगर. नवसाने घंटा वाजवली. सोमा पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, "पेत्रूभाऊ, पोचली रं पोर!"

खाली आल्यावर उजवा जन्मात पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "वर काय होतं?" त्याने विचारले. मी त्याला सगळे सांगितले. अजूनही तो विचारतो आणि मी सांगतो.

नवसा आता मोठी झाली आहे, तिला नवे बूट आहेत. पण ती आम्हाला दर रविवारी पुसते आणि दाराशी जोडीने ठेवते. मित्रांनो, बूट बाहेर काढायचे असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढे करा. काढताना भिरकावू नका. एकदा वाकून नीट जोडीने ठेवा. तुम्ही आत जाता, वर जाता, तेव्हा आम्ही खालीच थांबतो. पण तिथवर आम्हीही तुमच्याबरोबर चालत आलेलो असतो.